ट्रामपासून लांब

अलिबाग तालुक्यात बंगले किती झाले हे पाहायचं तर आवास, सासवणे, किहीम, झिराड असा एक फेरा मारावा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सुरू झाली आणि मुंबईची गाडी सामानासकट मांडव्याच्या जेट्टीवर उतरू लागली. त्या सामानात हल्ली एक वस्तू वरचेवर दिसते, ती म्हणजे गाणी ऐकायची सिस्टीम. साधीसुधी नाही. अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागतात, स्पीकर छातीइतके उंच, वायरी मनगटाएवढ्या जाड. किंमत आपण विचारत नाही. यजमानच सांगतात, आणि मग पुढचा अर्धा तास गाण्याऐवजी तो आकडाच कानात वाजत राहतो.

मी इथला. गाण्याचाही नाद आहे आणि यंत्रांचाही, हे चार लोकांना ठाऊक असल्यामुळे "काका, एकदा येऊन ऐका आणि सांगा" असं बोलावणं येतं. जातो. बहुतेक ठिकाणी चित्र एकच. समुद्राच्या बाजूची अख्खी भिंत काचेची. खाली चकचकीत फरशी, वर सपाट स्लॅब, त्याला पीओपीची नक्षी. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. स्पीकर दोन कोपऱ्यांत ढकललेले, कारण पुढे आणले तर हॉलची शोभा जाते. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पाचवर सोडलेला पंखा.

त्या पंख्याचं मला भारी नवल वाटतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की यंत्राची स्वतःची खरखर गाण्याच्या ११० डेसिबल खाली आहे. एवढी शांतता विकत घ्यायची म्हणून लाखांत पैसे मोजलेले असतात. आणि वरचा पंखा पन्नासेक डेसिबलचा घरघराट करत बसलेला असतो. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे; ती बाहेरच्या आवाजाची, तरी आपला पंखा ती घरातल्या घरात ओलांडतो. वैशाखात अलिबागला पंखा बंद करा असं कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण ज्या बंगल्यात सिस्टीमवर एवढा खर्च झाला तिथे पंखा आणि एसी निवडताना आवाजाचा विचार कोणीच केलेला नसतो, याचं कोडं मला सुटत नाही. तानपुऱ्याचा विरत जाणारा शेवट, आलापातला श्वास, तबलजीचं बोट पुडीवरून नुसतं सरकल्याची खसखस, हे सगळं त्या घरघराटाखाली जातं. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे दिले तेच बुडतं, आणि जे दोन हजारांच्या डब्यातूनही आलं असतं तेवढं उरतं.

अशा वेळी मला नानाभाई फ्रामजी मूस आठवतात. ते गाण्यातले नव्हेत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. टांगलेल्या चुंबकांच्या इतक्या बारीक हालचाली टिपायच्या की जवळून लोखंड नेलं तरी नोंद बिघडावी. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांवाटे परत जाते, पण सगळी रुळांतूनच जाते असं नाही. काही जमिनीत झिरपते आणि वाट फुटेल तिकडे भटकते. या भटक्या विजेने कुलाब्याची चुंबकं सारखी डचमळत राहिली असती. गोंगाटाच्या जागी आणखी नाजूक यंत्र नेऊन ठेवलं तर ते गोंगाटच आणखी नाजूकपणे टिपणार. तेव्हा जागाच बदलायची ठरली आणि निवड झाली ती अलिबागची, कुलाब्यापासून तीसेक किलोमीटर अंतरावरची, मध्ये समुद्र असलेली. इमारत बांधली पोरबंदरच्या दगडात, लोखंड टाळून, कड्याकोयंडे तांब्यापितळेचे. १९०४ मध्ये इथल्या नोंदी सुरू झाल्या. पुढे १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. तोवर मूसांचा मुक्काम हलून झालेला होता.

समुद्रकिनाऱ्याजवळची ती वेधशाळा अजून चालू आहे. सिस्टीम दाखवायला बोलावणाऱ्या मंडळींनी येताना वाटेत तिचं फाटक तरी बघून यावं असं मला वाटतं. कारण आपल्या हॉलमधला 'हम्म' असा जो आवाज गाणं थांबल्यावर ऐकू येतो, तो मूसांच्या ट्रामचाच भाऊबंद. इकडे जांभा. चैत्र-वैशाखात जमीन खोलवर वाळते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. टीव्ही एका बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, डिशची वायर गच्चीवरून तिसरीकडून आलेली. सगळ्यांच्या अर्थिंगमध्ये थोडाथोडा फरक, आणि तो फरक गाण्याच्या वायरीतून वाट काढतो. पन्नास हर्ट्झचा तो गुणगुणाट घालवायला लोक वायरी बदलतात, महागड्या पॉवर कंडिशनरवर खर्च करतात. खरं तर बहुतेक वेळा सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्यावीत आणि खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळाभर पाणी घालावं, एवढ्यानं भागतं. इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो. या सूचना कोणाला आवडत नाहीत. चार हजाराच्या कामानं लाखाची वस्तू सुधारते हे ऐकायला माणसाला जड जातं.

आता खोली. सिस्टीममधला सगळ्यात मोठा भाग तोच, आणि दुकानात न मिळणारा. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. खोली बारा फुटांची असेल तर त्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासची अर्धी लाट नेमकी बसते, आणि तो सूर खोलीत अडकून फुगतो. मग त्याच्या दुपटीला, तिपटीला, म्हणजे ९४ आणि १४१ ला, पुन्हा तसंच. खोली बारा बाय बारा असली तर लांबीचे आणि रुंदीचे असे दोन्ही फुगवटे एकमेकांवर चढतात. ऐकणाऱ्याला हे आकडे कळत नाहीत, पण परिणाम कळतो. डग्ग्यावर मींड काढताना मध्येच आवाज खोलीभर होतो आणि पुढच्याच क्षणी गायब. अब्दुल करीम खाँसाहेब असोत की कोणी, तबलजी वाईट होता असा समज करून आपण मोकळे. तबलजी बिचारा चांगला असतो. बारा फूट वाईट असतात.

याच खोलीत स्पीकर कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर आणखी सुजतात. तो भिंतीपासून दीड-दोन हात पुढे ओढला, सोफा मागच्या भिंतीपासून सोडवला, तर निम्मं काम होतं. बाजूच्या भिंतीवरून आवाजाची जी पहिली उडी येते ती शोधायची युक्ती सोपी आहे. ऐकणाऱ्यानं जागेवर बसायचं, दुसऱ्यानं भिंतीला आरसा लावून सरकवत न्यायचा. आरशात ट्वीटर दिसला की ती जागा. तिथे पुस्तकांचं कपाट ठेवा, जाड पडदा सोडा, कापसाची गादी उभी करा. विलायती फोमच्या फळ्या लावल्याच पाहिजेत असं काही नाही.

चौल-रेवदंड्याकडच्या जुन्या घरांत हा त्रास क्वचितच होतो, आणि त्यामागे कोणा ध्वनितज्ज्ञाची हुशारी नाही. भिंती जांभ्याच्या, त्यावर मातीचा गिलावा. जमीन सारवलेली. वरचं छप्पर उतरतं, म्हणजे जमिनीला समांतर नाहीच. वासे, रिपा आणि कौलं यांच्या फटींतून थोडा आवाज बाहेर पळतो. माळ्यावर सुपारीची पोती, गोधड्यांच्या गठड्या. अशा ओटीवर टाळी वाजवली तर टाळीच ऐकू येते. काचेच्या हॉलमध्ये वाजवून पाहा, टाळीमागून पितळी झणझण येते. बंगला बांधणारे आर्किटेक्ट हल्ली जांभ्याचा 'लुक' देतात, वर चकचकीत पॉलिश मारून. दगडाचा जो भाग उपयोगाचा होता, त्याची खडबडीत सच्छिद्र पाठ, तेवढी मात्र झाकली जाते. यावर मी एकदा सुरू झालो की घरचे चहा घ्यायला आत बोलावतात, तेव्हा पुरे.

सिस्टीम जुळली की नाही हे ओळखायला परदेशी चाचणीच्या सीडी लागत नाहीत. आपल्याकडे तंबोरा आहे. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचं स्पंदन शून्य असायला हवं, तो उपस्वर उमटू नये असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्रातला जुना नियम होता. तंबोऱ्याची आणि वीणेची घोडी तो नियम पाळत नाही हे त्यांनी दाखवलं. घोडीचा माथा किंचित गोलसर, त्यावर तार टेकत-सुटत राहते, खाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावलेली, आणि एका तारेतून उपस्वरांचा पिसारा फुलतो. मिरजेत हे तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या बनतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या जरा अलीकडे असते, आणि तिचे उपस्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढतात. म्हणजे ती एकच तार अर्धी वूफरमधून आणि अर्धी ट्वीटरमधून येते. दोघांचा सांधा साधारण दोन-तीन हजार हर्ट्झला असतो. वूफर मंद आणि ट्वीटर तिखट असेल, किंवा क्रॉसओव्हर घाईने केलेला असेल, तर जवारी मधोमध फाटते: खाली घूं, वर किणकिण, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून. सांधा चांगला असेल तर तार एक राहते. कोणत्याही ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाचा पहिला मिनिट-दीड मिनिट, गायक सा लावायच्या आधीचा, एवढा ऐकला तरी स्पीकरविषयी पुष्कळ कळतं. दुकानदार नेमका तेवढाच भाग पुढे सरकवतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती खिशाला सोयीची आहे. ज्याचं ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यगीत, अभंग यांचं आहे त्याच्या संगीताचा तळच मुळी साठ-सत्तर हर्ट्झचा आहे. त्याला वीस हर्ट्झपर्यंत उतरणारे कपाटाएवढे स्पीकर कशाला? बारा बाय चौदाच्या खोलीत ते बसवले तर ते खोलीलाच वाजवतात. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा चिमुकला स्पीकर बनवला. गाडीत जागा नाही, खालचे सूर मावत नाहीत, तर त्यांचा हट्ट सोडून मानवी आवाज खरा येईल एवढं त्यांनी पाहिलं. पन्नास वर्षं झाली तरी तो स्पीकर लोक शोधत फिरतात. अर्थात ज्याला पाइप ऑर्गन किंवा सिनेमातले स्फोट ऐकायचे त्याचं गणित निराळं, आणि त्याची खोलीही निराळी हवी.

इकडच्या माणसाचा कान तसा तयार असतो, त्याला फक्त विचारलं पाहिजे. गावच्या देवळात हरिनाम सप्ताह, कार्तिकातला काकडा. कर्णा लावायच्या आधी, पहाटे, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून तो लावत असताना जो बसका, ओला धुम्‌ निघतो तो ज्यानं लहानपणापासून ऐकला त्याला खोटा पखवाज लगेच समजतो. टाळांचंही तेच. काशाच्या जाड टाळांना आधी आघात असतो आणि मग लांब, गोल झंकार. वाईट ट्वीटर आघात ठेवतो आणि झंकाराचा पत्रा करतो. भीमसेनजींचे अभंग लावावेत आणि डोळे मिटून टाळांकडे लक्ष द्यावं. मुंबईचे पाहुणे स्पीकरच्या कंपनीचं नाव विचारतात. बाजूला उभा असलेला माळी "टाळ नीट नाय वाजत" म्हणून जातो. माझ्या मते सल्लागार तोच.

डोळे मिटून हे मी गमतीनं म्हणत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर, तेच श्रोते, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसतील असे ठेवले. दिसायला लागल्यावर गुण बदलले, आणि त्यात सराईत कानही होते. मोठा, देखणा, नाव असलेला स्पीकर डोळ्यांनी आधीच वाजायला सुरुवात करतो. घरी हा प्रयोग करायला एक चादर आणि एक प्रामाणिक पुतण्या पुरतो.

वॅटचा मोह मात्र सुटता सुटत नाही. ५० वॅटऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला म्हणजे आवाज दुप्पट, असं सगळ्यांना वाटतं. पडतो फरक तीन डेसिबलचा, ऐकताना जेमतेम जाणवणारा. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. आता स्पीकरची संवेदनशीलता पाहा. एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर मध्यम म्हणायचा. अशा जोडीपासून अडीच मीटरवर बसलं तर एका वॅटमध्ये ऐंशीच्या आसपास मिळतात. घरात निवांत ऐकायला तेवढे भरपूर. बाकीचे वॅट लागतात ते तिहाईच्या धक्क्यांना: दहा डेसिबलच्या उसळीला दहा वॅट, वीसच्या उसळीला शंभर. म्हणून हे जोडीनं ठरतं. आठ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर ९६ डेसिबलच्या स्पीकरबरोबर राजासारखा गातो आणि ८३ च्या स्पीकरबरोबर धापा टाकतो. दोन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम, किंमतही सारखी, आणि तरीही ती जोडी चुकीची. पुण्याच्या 'केडन्स'नं इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बनवले. एकाच घरानं दोन्ही बनवण्यात शहाणपण असतं ते हेच. तबकडीच्या बाबतीत तर जोडी आणखी बारीक. मूव्हिंग मॅग्नेट पिनमधून चार-पाच मिलिव्होल्ट येतात, मूव्हिंग कॉइलमधून त्याच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा कमी. दुसरी पिन पहिलीच्या खाचेत लावली की आवाज वाढवता वाढवता गाण्याआधी गुणगुणाटच वर येतो.

आणि काही गाणी अशी की त्यांना भारी सिस्टीम मानवतच नाही. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन कोरलेल्या. १९०२ मध्ये गौहर जाननं कलकत्त्यात गायली ती याच पद्धतीनं. त्यांत तीनेक हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उतरत नसे. अशी तबकडी वीस हजारांपर्यंत धावणाऱ्या ट्वीटरला दिली तर वरच्या सगळ्या मोकळ्या जागेत तो इमानेइतबारे खरखर वाजवतो. आजोबांच्या मर्फी रेडिओतला एकच पुठ्ठ्याचा शंकू वर पोचायचाच नाही, म्हणून जुना बालगंधर्व त्यातून गोड लागायचा. ती जोडी कोणी जुळवली नव्हती, आपसूक जुळली होती. ज्याच्या कपाटात जुन्या तबकड्यांची भरती आहे त्यानं एक वेगळा, साधा, एका शंकूचा स्पीकर बाजूला ठेवावा. त्याला कमीपणा नाही. किशोरीताईंचा भूप ऐकायला दुसरी जोडी आहेच.

किनाऱ्यावर राहायचं तर शेवटचा हिशेब खाऱ्या वाऱ्याशी. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत आरसीएच्या पिना दोन पावसाळ्यांत काळ्या पडतात. वूफरची फोमची कड दमटपणानं भुगा होते, रबराची टिकते. घेताना बोटानं दाबून बघावं. इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यावर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि ओल्या हवेत तो चटकन चटके मारतो, तेव्हा काचेच्या हॉलमध्ये, उघड्या दारांजवळ त्याची हौस करू नये. तबकड्यांच्या कव्हरवर श्रावणापर्यंत बुरशी. अ‍ॅम्प्लिफायरच्या ऊबेला पाल आत शिरते आणि एक दिवस दोन टोकांना टेकते. जाळी लावा, पण वारा अडेल एवढी बारीक नको. आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी पाहिलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झालेल्या आणि आठवडेच्या आठवडे वीज नसलेली गावं पाहिली, त्यांना यंत्र जमिनीपासून वर ठेवा आणि पत्र्याखाली ठेवू नका हे वेगळं सांगावं लागत नाही.

या हवेत यंत्र सगळ्यात लवकर मरतं ते बंद ठेवल्यानं. बंगल्याचे मालक जूनला कुलूप लावून जातात ते दसऱ्याला येतात. चार महिने आत हवा कोंडलेली, भिंती पाझरतात. यंत्र आठवड्यातून दोनदा तास-दीड तास चालू ठेवलं तर त्याच्या स्वतःच्या ऊबेनं आतला ओलावा उडतो. हे मी किहीमच्या एका बंगल्यात सांगितलं, आणि मालकांनी ते काम राखणदाराकडे दिलं. कुठली कळ आधी, कुठली नंतर, ते त्याला भिंतीवर मराठीत लिहून दिलं.

मध्ये एकदा आषाढात त्या बाजूला जाणं झालं. पाऊस नुकताच थांबलेला. काचेची सगळी दारं लावलेली, पंखा बंद, हॉलच्या मधोमध सतरंजी. तिच्यावर राखणदार आणि त्याचे गावच्या भजनी मंडळातले दोघे बसलेले. स्पीकर कोपऱ्यांतून चांगले चार फूट पुढे ओढलेले, सोफ्याच्या सगळ्या उशा काचेला उभ्या लावलेल्या.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"कोनी नाय काका. कोपऱ्यात ठेवलं का नुसतं घुमतंय. पखवाज कळंना. मग थोडं थोडं करून पुढं आणलं. काचेचा पन तरास व्हता, म्हनून उश्या."

"आणि पंखा?"

"पावसात कशाला पंखा?"

मालक दसऱ्याला आले. स्पीकर पाहून त्यांनी पहिलं काम केलं ते ते परत कोपऱ्यांत लावण्याचं, कारण पाहुणे येणार होते. राखणदारानं हरकत घेतली नाही. त्यानं आधीच फरशीच्या सांध्यांवरून मोजून ठेवलं होतं: डावा तिसऱ्या फरशीवर, उजवा तिसरीच्या अर्ध्यावर, कारण उजवीकडे जिना आहे. उजवा अर्धी फरशी मागे का, याचं त्यानं दिलेलं कारण मी घरी येऊन गणितानं ताडून पाहिलं. बरोबर आहे.